गल्लीतली सगळ्यात उंच जागा

सरूबाईला हळू बोलता यायचं नाही. हा स्वभावाचा दोष नव्हता, धंद्याचा होता. पुंडलिकनगरच्या मागच्या अंगाला, नाल्याकडं उतरत जाणाऱ्या एका गल्लीत तिची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून "गहू का ज्वारी? बारीक का जाडं?" असं विचारता विचारता तिचा गळा कायमचा वरच्या पट्टीत जाऊन बसला होता. गिरणी बंद केली तरी तो खाली उतरायचा नाही. कुणाकडं मयताला गेली तर तिचं सांत्वन पलीकडच्या गल्लीपर्यंत पोचायचं. एखादीच्या कानाशी लागून "कुनाला सांगू नको हं" म्हणाली, की समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई हात थांबवून उभी राहायची.

तिचा नवरा पुंजाराम याच्या नेमका उलटा. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला, अंगानं वाळका आणि बोलायला त्याहून वाळका. दोघंही मूळची सोयगाव तालुक्यातली. लग्नात भटजींनी नाव घ्यायला सांगितलं तेव्हाही पुंजारामनं नुसती मान हलवली होती म्हणे, आणि सरूबाईनं दोघांची नावं घेऊन टाकली होती. तेव्हापासून घरात तीच वाटणी चालू होती.

गल्लीत लाईट गेली की इतरांचे पंखे बंद व्हायचे. सरूबाईचा धंदा बंद व्हायचा. गिरणीला थ्री फेज लागते, त्यातली एक जरी फेज गेली तरी मोटार नुसती कण्हत बसते. त्यामुळं लाईटीवर तिचं घरातल्या आजारी माणसासारखं लक्ष असायचं. पट्ट्याचा आवाज जरा जड झाला की ती गिऱ्हाईकाला अर्ध्यात थांबवायची. "आता जाती बघ," म्हणायची. आणि लाईट जायची.

जायला कारणही तसंच होतं. गल्लीचा डीपी, म्हणजे सगळ्या घरांना लाईट देणारा तो ट्रान्सफॉर्मर आणि त्याखालची फ्यूजांची पेटी, गल्लीच्या पार खालच्या टोकाला, नाल्याच्या काठावर उभा होता. बसवला तेव्हा त्यात कुणाची काही चूक नव्हती. तेव्हा तिथं ज्वारीचं रान होतं आणि नाला एवढासा, की शेळीसुद्धा उडी मारून जायची. पुढं घरं झाली, संरक्षक भिंती झाल्या, कुणी नाल्यावर स्लॅब टाकून चारचाकी उभी केली. नाला दोन्हीकडून आवळत गेला. त्यात पाऊसही पहिल्यासारखा राहिला नाही. पूर्वी चार महिने पुरवून पुरवून पडायचा, आता महिनाभर तोंड लपवायचा आणि एका दुपारी सगळा हिशोब चुकता करायचा.

अशाच एका सप्टेंबरात आभाळ फाटलं. नाल्याचं पाणी डीपीच्या पेटीत शिरलं, निळा उजेड झाला, अख्ख्या गल्लीच्या खिडक्या थरथरल्या आणि लाईट गेली ती गेलीच. पाणी उतरायला एक दिवस, गाळ काढायला दुसरा, आणि शहरात असे कितीतरी डीपी बुडालेले, त्यामुळं नवा मिळायला आणखी काही दिवस.

त्या दिवसांत गिरणीच्या ओट्यावर डब्यांची रांग लागली. लोक डबे ठेवून जायचे, संध्याकाळी येऊन झाकण उघडून बघायचे, आत गहू तसेच्या तसे. पाचव्या दिवशी सरूबाईनं असं काही पाहिलं, की तिच्या डोक्यात सणक गेली. समोरचे धोंडिबा, एसटीतले निवृत्त कंडक्टर, पिशवीतून किराणा घेऊन चालले होते, आणि पिशवीतून पिठाचं पाकीट डोकावत होतं.

"धोंडिबाभाऊ!" ती ओरडली. "गिरणीसमोरून पाकीट घेऊन जाऊ राहिले? लाज न्हाई वाटत?"

"सरूताई, काय करनार? तुमच्या भामावैनीच्या गोळ्या हायत, उपाशी घेता येत न्हाईत. दोन भाकरी तर खायला पाहिजे."

"ते पीठ हाय का पावडर? तोंडाला लावायची का पोटात घालायची?"

त्याच दुपारी ती गल्लीतल्या बायका गोळा करून वीज कंपनीच्या ऑफिसात गेली. मोर्चे तिथं रोजच येत होते, पण ते घोषणा देऊन जायचे. या बायका डबे घेऊन आल्या होत्या. सरूबाईनं पहिला डबा काउंटरवर ठेवला.

"हे घ्या. दळून द्या."

काउंटरमागचा माणूस चक्रावला. "बाई, हे वीज कंपनीचं ऑफिस आहे."

"म्हणून तर आणलं! गिरणी तुमच्यामुळं बंद हाय. तुमच्याकडं लाईट हाय, फिरनारं काय बी असंल ते फिरवा आन् दळून द्या. बारीक पाहिजे, पोळीचं हाय."

मागोमाग बाकीचे डबे आले. डब्यांवर डबे चढले आणि काउंटरमागचा माणूस हळूहळू दिसेनासा झाला. तेवढ्यात रेटारेटीत एक डबा कलंडला आणि ज्वारी सगळ्या फरशीवर पसरली. शिपाई धावत आला तो तिच्यावरून घसरून खुर्चीतच जाऊन बसला. मग ऑफिसातले लोक बर्फावरून चालल्यासारखे भिंतीला धरून चालू लागले.

आतल्या खोलीतून मेघा मॅडम बाहेर आल्या. या त्या भागाच्या ज्युनिअर इंजिनिअर. वय सरूबाईच्या मुलीएवढं, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, त्यावर वाळलेला चिखल, आणि डोळे असे, की झोप नावाची गोष्ट त्यांना ऐकून माहीत असावी. सरूबाई भांडायच्या तयारीत छाती भरून उभी होती. मेघा मॅडम खाली बसल्या आणि ज्वारी गोळा करायला लागल्या. आता जी बाई आपली ज्वारी वेचतेय तिच्याशी भांडायचं कसं? सरूबाईही खाली बसली.

"मावशी, नवा ट्रान्सफॉर्मर उद्या बसतोय," मेघा मॅडम म्हणाल्या. "पण बसणार पुन्हा नाल्याच्याच काठी. पुढच्या पावसात तो पुन्हा बुडणार, मी पुन्हा गमबूट घालणार आणि तुम्ही पुन्हा डबे आणणार."

"मग वर घ्या की त्याला!"

"तेच करायचंय. वादळ थांबवणं माझ्या हातात नाही. पण ते गेल्यावर लाईट किती लवकर यावी, एवढं मला करता येतं. डीपी उंच ओट्यावर न्यायचा, उघड्या तारांऐवजी वरून रबरी आवरण असलेली जाड केबल टाकायची, म्हणजे फांदी टेकली तरी ठिणगी नाही. शिवाय वरच्या गल्लीच्या लाईनशी जोडून घ्यायचं. एक बाजू पडली तर दुसरीकडून लाईट देता येईल. मंजुरी आहे, सामान आहे. नाही ती फक्त जागा. जिथं जाऊ तिथं लोक म्हणतात, लाईट पाहिजे, पण डीपी शेजाऱ्याच्या दाराशी बसवा."

सरूबाईनं ज्वारीची मूठ छातीशी नेली. "जागेची काय काळजी करता मॅडम! सरूबाईचा शब्द हाय. तुम्ही नुसतं या. बोट दाखवाल तिथं बसवा. कोन न्हाई म्हनतं ते मी बघते!"

हा शब्द ऑफिसातल्या सगळ्यांनी ऐकला. रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानंही ऐकला.

पाऊस सरल्यावर मेघा मॅडम दोन माणसं आणि एक लांबलचक पारदर्शक नळी घेऊन आल्या. नळीत पाणी भरलेलं. गवंडी लोक लेव्हल बघायला वापरतात, तशी. गल्ली सगळी बाहेर आली. सरूबाई पुढं, पदर खोचलेला, जणू किल्ला सर करायला निघाली होती.

"पुराचं पाणी भिंतीवर जिथवर चढलं ती खूण धरायची," मॅडमनी सांगितलं. "डीपीची पेटी तिच्यापेक्षा पुरुषभर वर पाहिजे. क्रेन पोचली पाहिजे, वर झाड नको आणि जागा रस्त्याची पाहिजे, कुणाच्या घरातली नको."

नळी वर सरकायला लागली तशी ज्याच्या त्याच्या दारात कारणं उगवायला लागली. शिकवण्या घेणारे शिवराज सर म्हणाले, "माझ्याकडं मुलं येतात." लक्ष्मीबाई म्हणाल्या, "आमच्या ईशान्येला अग्नी चालत नाही, गुरुजींनी सांगितलंय." धोंडिबांनी तर नळी दारापुढं टेकूच दिली नाही. उभी नोकरी गर्दी मागं-पुढं करण्यात गेलेली, ती सवय जाते कुठं? हात हलवत म्हणाले, "इथं जागा न्हाई. चला, पुढं सरका, पुढं मोकळं हाय!"

सरूबाई एकेकाला झापत होती. "लोकांच्या भल्याचं काम हाय आन् तुमाला तुमचं दार दिसतंय? थू तुमच्या जिंदगानीवर! मॅडम, तुम्ही नळी चालू द्या."

नळी चालत राहिली. चालत चालत गल्लीच्या वरच्या वळणावर आली आणि गिरणीच्या ओट्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडपाशी थांबली.

"इथं," मेघा मॅडम म्हणाल्या. "हीच सगळ्यात उंच जागा."

सरूबाई हसली. मग एकदम हसायची थांबली. "नळी फुटकी असंल," ती म्हणाली.

नळी दुसऱ्यांदा लावली. पाणी तिथंच उभं राहिलं.

त्या शेडमध्ये सरूबाईचं स्वप्न ठेवलेलं होतं. तिला मिरची कांडायचं मशीन घ्यायचं होतं. मशीन अजून यायचं होतं, पण त्याचं कव्हर तिनं आधीच गुलमंडीच्या बाजारातून फुलाफुलाचं कापड आणून शिवून घेतलं होतं. शेडमध्ये रिकाम्या खोक्यावर ते कव्हर घालून ठेवलेलं असायचं. ये-जा करताना ती त्याच्याकडं असं बघायची, जसं लोक पाळण्याकडं बघतात.

"ही जागा कुणाची आहे, मावशी?"

"माझीच की!"

"नकाशात तर महापालिकेच्या रस्त्यात दाखवलीय."

"तेच. म्हंजी झाडते मी रोज."

धोंडिबा मागून पुढं आले. चेहऱ्यावर इतकी शांती, की बघवत नव्हती. "सरूताई," ते म्हणाले, "लोकांच्या भल्याचं काम हाय."

त्या दिवसापासून सरूबाईला उंचीचं वेड लागलं. सगळ्यात उंच जागा आपली असेल तर दुसरी एखादी जागा तिच्याहून उंच झाली पाहिजे, एवढा सरळ विचार होता. धोंडिबांच्या घराचा कोपरा तिच्या कोपऱ्यापेक्षा हातभरच खाली होता. आठवड्यानं एक ट्रॅक्टर गल्लीत शिरला आणि धोंडिबांच्या कोपऱ्यावर मुरमाची ट्रॉली ओतून गेला.

धोंडिबा बनियनवर बाहेर आले. "हे कुनी?"

"मीच सांगितलं," सरूबाई म्हणाली. "भामावैनीला दमा हाय, पावसाळ्यात तुमच्या दारात चिखल होतो. माझ्याकडून समजा."

धोंडिबांच्या डोळ्यांत पाणी आलं. भामाबाईंनी गाजरहलवा करून धाडला. सरूबाईनं तो खाल्लाही.

संध्याकाळी जेवताना तिनं नवऱ्याला हळूच सांगितलं, म्हणजे तिला वाटलं की हळूच. "आवो, ऐकलं का? आता त्यो कोपरा आपल्यापेक्षा वर गेला. मॅडमला म्हनते, पुन्हा नळी लावा. डीपी धोंडिबाच्या दारात!" पुंजारामनं घास तसाच धरून खिडकीकडं बोट दाखवलं. खिडकीबाहेर गल्ली चिडीचूप झाली होती. कुठल्यातरी घरातला टीव्हीसुद्धा बंद केलेला होता.

सकाळी धोंडिबा गिरणीत आले. रागावलेले मुळीच नव्हते. "सरूताई, तेवढ्या मुरमानं न्हाई भागत. अजून एखादी ट्रॉली टाकता का? माझी स्कूटर बरोबर बसत न्हाई त्याच्यावर." आणि हलव्याचा रिकामा डबा घेऊन निघून गेले. मुरूम त्यांनी चोपून, पाणी मारून बसवला. पुढं कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, "मुरूम लई चांगल्या प्रतीचा हाय."

मेघा मॅडमनी तर नळी आणलीच नाही. भराव टाकलेल्या जमिनीत खांब टिकत नाही, कलतो, एवढं सांगून त्या हसल्या. सरूबाईनं मग दुसऱ्या बाजूनं लढायला घेतलं. "डीपीच्या घुमन्यानं पीठ जाडं येतं," असं तिनं सांगून बघितलं. पुंजारामला रात्रीची झोप लागणार नाही, असंही सांगितलं. पुंजाराम तेव्हा शेजारीच खुर्चीत घोरत होता.

"मावशी," मेघा मॅडम एकदा म्हणाल्या, "जागा रस्त्याची आहे. नोटीस काढून मी शेड काढायला लावू शकते. पण भांडून बसवलेल्या डीपीवर लोक कचरा टाकतात, कुंपणाला बकऱ्या बांधतात. त्याला सांभाळणारं माणूस शेजारी लागतं. उन्हाळा संपेपर्यंत वाट बघते. नाहीतर हे काम दुसऱ्या वसाहतीला जाईल."

"जाऊ द्या," सरूबाई म्हणाली. हे वाक्य तिनं खरोखरच हळू म्हटलं, आणि म्हणून कुणालाच ऐकू गेलं नाही.

मे महिना आला. एका दुपारी दौलताबादच्या बाजूनं आभाळ मातकट झालं. वारा थांबला, पाखरं गप झाली, आणि मग जे वादळ सुटलं त्यानं गल्लीतल्या पाण्याच्या टाक्यांची झाकणं उडवली, कुणाच्या गच्चीवरच्या कुरडया थेट पलीकडच्या गल्लीत पोचवल्या. धूळ, त्यामागून गारा, गारांमागून पाऊस. खालच्या वळणावरच्या गुलमोहराची फांदी तारांवर पडली. तारा तुटल्या. नाला तासाभरात फुगला आणि डीपीच्या पायांशी आला. वीज कंपनीनं पुढचा अपघात टाळायला गल्लीची लाईट मागूनच बंद केली.

सरूबाई दारात उभी राहून वाऱ्याला शिव्या देत होती, कारण शेडचे पत्रे थडथडत होते. तेवढ्यात धोंडिबा भिजत आले. डोक्याला काही नाही, एका पायात चप्पल.

"सरूताई, भामाचा श्वास कोंडलाय. धुळीनं. वाफेचं मशीन लागतं, लाईट न्हाई."

"तुमचा इन्व्हर्टर?"

धोंडिबांनी खाली बघितलं. या इन्व्हर्टरचा त्यांना फार अभिमान होता. "दुपारभर कूलर लावला व्हता त्याच्यावर. उतरला."

एरवी सरूबाईनं या वाक्यावर आठवडा काढला असता. आता तिनं गिरणीतून धान्याची पोती ओढायची हातगाडी बाहेर काढली. रिक्षा येणं शक्य नव्हतं, रस्त्यात फांदी आडवी होती. दोघांनी भामाबाईंना गाडीवर बसवलं, अंगावर प्लास्टिक टाकलं, मशीन त्यांच्या मांडीवर दिलं आणि चढ चढायला लागले. वरच्या गल्लीत लाईट होती. तेच वादळ, त्याच गारा तिथंही पडल्या होत्या, पण खिडक्यांत उजेड होता.

"दार उघडा! बाईचा श्वास कोंडलाय!" सरूबाईनं एका अनोळखी घरासमोर आवाज दिला. एकदम चार घरांची दारं उघडली. जे सगळ्यात जवळ होतं त्यात तिघं शिरली. तिथल्या सुनेनं काही न विचारता टीव्हीची पिन काढली आणि मशीनची लावली.

मशीन घुरघुरायला लागलं. भामाबाई मास्क लावून भिंतीला टेकल्या. सरूबाई त्यांचा हात धरून बसली आणि धीर द्यायला लागली. "काय व्हत न्हाई वैनी, आत्ता बरं वाटंल, घाबरू नका, मी हाय ना—" भामाबाईंनी डोळे मिटूनच दुसरा हात वर केला आणि तिच्या ओठांवर बोट ठेवलं.

सरूबाई गप बसली. आठवत होतं तेव्हापासून ती पहिल्यांदाच इतका वेळ गप बसली असेल. वर पंखा फिरत होता. तिनं त्या पंख्याकडं बघितलं, मग वाफ ओढणाऱ्या भामाबाईंकडं, मग पुन्हा पंख्याकडं. या गल्लीचा डीपी वर माळावर होता, एवढाच काय तो फरक. मग तिला फुलाफुलाचं ते कव्हर डोळ्यांपुढं दिसलं. रिकाम्या खोक्यावर घातलेलं. तिला स्वतःचीच एवढी शरम वाटली, की ती मोठ्यानं म्हणाली, "छ्या!"

भामाबाईंनी दचकून डोळे उघडले. श्वास आता बरा चालत होता. त्यांनी मास्क खाली ओढला आणि आपल्या लुगड्याकडं बघितलं. हातगाडीवरचं पीठ पावसानं भिजून त्याची खळ झाली होती. "सरू," त्या दमत दमत म्हणाल्या, "लोकाच्या घरी नेताना आंघोळ घालून न्यावं माणसाला. तू तर भाकरीसारखी थापली मला."

धोंडिबा दाराशी उभे होते. ते हसायला लागले आणि मग तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिले.

पाऊस ओसरल्यावर सरूबाई नाल्याकडं गेली. मेघा मॅडम तिथं होत्या, गमबूट घालून, माणसांकडून फांदी कापून घेत होत्या.

"मॅडम, ती जागा घ्या."

"नक्की?"

"नक्की. पन माज्या अटी हायत. त्या कवटीची पाटी माझ्या दाराकडं नको. गिऱ्हाईक भितं. धोंडिबाभाऊंच्या दाराकडं लावा, त्यांना चालतं."

"पाटी चारी बाजूंनी लावावी लागते, मावशी."

"मग कवटी जरा हसरी तरी काढा."

घरी येऊन बघते तर शेड नाहीच. ओट्याच्या कडेला पत्रे नीट एकावर एक रचलेले आणि पुंजाराम हातोडीनं शेवटच्या खांबाचा खिळा काढत बसलेला.

"हे काय चालू हाय?"

"अर्धे वाऱ्यानं नेले," पुंजाराम म्हणाला. "अर्धे मी काढले."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू बोलली असतीस."

पुंजारामच्या तोंडून एका दमात एवढं कधी निघालं नव्हतं. सरूबाई खाली बसली आणि खिळे गोळा करायला लागली.

पावसाळ्याआधी काम झालं. दगडी ओटा, त्यावर लोखंडी चौकट, त्यावर डीपी, भोवती जाळीचं कुंपण. जुन्या उघड्या तारा उतरल्या आणि जाड काळी केबल चढली, वरच्या गल्लीच्या लाईनशी जोडूनही झालं. गुलमोहराची छाटणी झाली, ज्या खांबांना वाऱ्याचा धक्का बसतो त्यांना आधाराला ताणाच्या तारा बांधल्या. उद्घाटन वगैरे काही नको, असं मेघा मॅडमनी बजावलं होतं. सरूबाईनं तरी नारळ फोडला. धोंडिबांनी कपाटातून जुनी शिट्टी आणली होती. मॅडमच्या माणसानं स्विच वर केला तशी त्यांनी दोनदा शिट्टी मारली आणि ओरडले, "जाऊ द्या!"

महिनाभरात तो डीपी "सरूबाईचा" झाला. कुंपणाला कुणी दोरी बांधली तर ती सुटायची, कुणी वाढदिवसाचा बॅनर लावला तर तो दळणाच्या पोत्याला ठिगळ म्हणून लागायचा. पत्रिका वाटायला आलेल्या एका पाहुण्यानं कुंपणाला टेकून फोन केला, तर तिनं आतून जी हाक मारली, तिनं त्याच्या हातातला फोन पडला. जवळ जाणारं पोर दिसलं की ती गिरणी बंद करून बाहेर यायची. मेघा मॅडमनी तिला आपला नंबर दिला होता, ते मात्र चुकलं. गरज पडली तरच फोन करा, असं मॅडमनी सांगितलं होतं. सरूबाईला रोज गरज पडायची. "मॅडम, आज त्यो जरा जास्त घुमतोय. उन्हानं असंल का?"

मिरचीचं मशीनही शेवटी आलं आणि जागा नाही म्हणून पुढच्या खोलीत बसलं. पाहुणे आले की शिंकत शिंकत खुशाली विचारतात. पुंजाराम दिवसभर शिंकतो, आणि त्या शिंकेचा आवाज इतका मोठा असतो, की एवढा आवाज याच्यात होता हे बघून गल्ली चकित झाली.

सप्टेंबरात पुन्हा एकदा आभाळ कोसळलं. संध्याकाळची वेळ. नाला फुगून जुन्या डीपीच्या रिकाम्या ओट्यावरून वाहायला लागला. कुठंतरी मोठी लाईन पडली असावी, गल्ली अंधारात गेली. पाऊस जरा थांबला तसे लोक सवयीनं बाहेर आले. लक्ष्मीबाईंनी सतरंजी आणली. शिवराज सर मुलांना सोडून देऊन गॅलरीत आले. धोंडिबांनी भामाबाईंसाठी खुर्ची ठेवली. सरूबाई गिरणीतलं स्टूल घेऊन समोर आली. सांगायला तिच्याकडं पुष्कळ होतं, लक्ष्मीबाईंच्या भाचीचं लग्न मोडल्याची बातमी तर सकाळपासून तोंडात होती. ती टेकली, पदर सावरला आणि म्हणाली, "ऐकलं का—"

लाईट आली. वरच्या गल्लीकडून, मेघा मॅडम म्हणाल्या होत्या तशी.

पंखे फिरले, टीव्ही बोलायला लागले. लोक उठायला लागले. सतरंजी पसरलेली, बसायला कारण राहिलं नाही. शिवराज सरांनी मुलांना परत हाका मारल्या. कुणीतरी थोडंसं निराश होऊन म्हणालं, "आली वाटतं."

"आली," सरूबाई म्हणाली. स्टूलावरून ती उठली नाही. भामाबाईंचा हात तिनं धरून ठेवला. "आली तर येऊ दे की. बसा जरा वैनी, उजेडात बोलता येत न्हाई असं थोडंच हाय."

भामाबाई बसल्या. बातमी नेहमीच्याच आवाजात सांगितली गेली, त्यामुळं घरात गेलेले लोकही हळूहळू बाहेर आले.